बैलाला विनवणी, वाऱ्याला दटावणी

शहरात वाढलेल्या वाचकाला मळणी आणि उफणणी ही एकाच कामाची दोन नावं वाटतात. शब्दकोशही फार मदत करत नाही. बहिणाबाई चौधरींच्या ‘रगडनी’ आणि ‘उपननी’ या दोन कविता मात्र हा फरक नीट उलगडतात, तोही व्याख्या न करता. आपण कुणाशी बोलतो आहोत, एवढंच त्या बदलतात.

खानदेशात मळणीला रगडणी म्हणतात. खळं चोपून, शेणानं सारवून घ्यायचं, मधोमध मेढ रोवायची, तिच्याभोवती कणसं पसरायची आणि त्यांवर बैलांची पात फिरवायची. खुरांखाली कणसातला दाणा सुटतो. पण सुटतो म्हणजे वेगळा होत नाही. रगडणी संपते तेव्हा खळ्यात दाणा आणि भूस एकमेकांत मिसळून पडलेले असतात. त्यांची फारकत करते ती उफणणी. तिवईवर उभं राहून सूप किंवा पाटी उंच धरायची आणि धार सोडायची. दाणा जड, तो पायाशी पडतो. भूस हलकं, ते वाऱ्याबरोबर पुढे जातं. रगडणीला जोर लागतो, उफणणीला वारा.

आता कविता पाहा. ‘रगडनी’त बाई बैलाशी बोलतात. पाय उचल, घाई कर, असं त्या पुन्हा पुन्हा सांगतात. जवळजवळ प्रत्येक कडवं त्याच हाकेनं सुरू होतं आणि ऐकताना पातीचे फेरे कानात फिरू लागतात. या सांगण्यात हुकूम नाही, आर्जव आहे. रगडण्याचं पुण्य त्या बैलाच्या पायांच्या खात्यावर मांडतात. बैल घरचा, दावणीचा. त्याच्याकडून काम घ्यायचं तर त्याचा मान ठेवून.

‘उपननी’त सूरच पालटतो. दाणा तयार आहे, माणसं तयार आहेत, वाऱ्याचा पत्ता नाही. मग बाई त्याला चांगलंच फैलावर घेतात. पुरे झाल्या तुझ्या थापा, गुंगारा देऊ नकोस, अशा अर्थाची ही झाडाझडती आहे. कुणाच्या वरातीत रमलास, असा टोमणाही आहे. गंमत अशी की हा वारा म्हणजे साक्षात मारुतीचा बाप, आणि बाई त्याला त्याच नात्यानं हाक मारतात. ‘बापा’ हा शब्द दोन्ही कवितांत येतो. बैलासाठी तो लाडाचा आहे आणि वाऱ्यासाठी खऱ्याखुऱ्या नात्याचा. तरी लाड बैलाच्या वाट्याला येतात, बोलणी देवाच्या. मला ही उलटापालट फार मोलाची वाटते. बैल आपल्या हातातला, म्हणून त्याच्याशी नरमाई. वारा हातात नाही, म्हणून त्याच्यावर जीभ चालवायची. शेतकऱ्याचं दुसरं काही चालत नाही तिथे त्याची जीभच चालते. येतो म्हणून सांगून न येणाऱ्या सोयऱ्याशीही घरातली म्हातारी याच भाषेत बोलते.

रगडणी आणि उफणणी या शब्दांतला फरक कामाच्या पायऱ्यांपुरता नाही, हे इथे दिसतं. रगडणी माणसाच्या आणि जनावराच्या कष्टाची, उफणणी वाट पाहण्याची. एकीची लय फेऱ्याची, ठरलेली; दुसरीची उतावीळ, मध्येच थांबून कानोसा घेणारी.

बहिणाबाई (1880–1951) जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या त्यांच्या तोंडी होत्या, त्या इतरांनी कागदावर उतरवल्या आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. त्यांच्या बोलीत ळचा य होतो, खळ्याचं ‘खये’ होतं. प्रमाण मराठीत आणलं की या कविता थोड्या पांगळ्या होतात, असं माझं मत आहे.

आज मळणी यंत्र आहे. त्याच्या फिरत्या पिंपानं कणसं झोडपली जातात आणि त्याच यंत्रातला पंखा भूस बाहेर फेकतो. दोन्ही कामं करूनही यंत्राच्या नावात उरली ती मळणीच. उफणणीचा उच्चार आता कमी झाला आहे.

म्हणून या कविता सुट्या वाचू नका. ‘रगडनी’ आधी, तिच्या पाठोपाठ ‘उपननी’, आणि शक्य असेल तर मोठ्यानं.