शाईची खूण आणि घराचे निवेदन

निवडणुकीतील हिंसेचे साहित्यातील चित्रण हा विषय निघाला की आपली चर्चा बहुधा ग्रामीण कादंबरीतील गटबाजी आणि लाठ्याकाठ्यांपाशी येऊन थांबते. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा अनुभव या चौकटीत मावत नाही. तेथील हिंसा प्रामुख्याने उमेदवारा-उमेदवारांमधील नव्हती. मतदान या कृतीलाच असलेल्या विरोधातून ती उद्भवत होती. १९८० नंतर या अरण्यात आलेल्या नक्षलवादी दलमांनी बहिष्काराची पत्रके लावली. २००९ च्या विधानसभा मतदानाला पाच दिवस उरले असताना, ८ ऑक्टोबर रोजी, लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. अशा दिवसांत ज्या घरांनी मतदानाला जावे की न जावे हे ठरविले, त्या घरांचे निवेदन कोणी केले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

डाव्या तर्जनीवरील शाईची खूण चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाने जरूर पाहावी. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे सूत्र आपण वर्गात निर्धास्तपणे शिकवितो. येथे एकाच चिन्हकाचे दोन वाचक आहेत आणि दोघेही सशस्त्र आहेत. शासनाच्या लेखी ती खूण नागरिकत्वाची ग्वाही, तर दलमच्या लेखी आज्ञाभंगाचा पुरावा. कोरे बोटही अर्थहीन राहत नाही. ते बहिष्काराला दिलेला होकार म्हणून वाचले जाऊ शकते. मतदान दुपारी तीनला संपते, मतदान पथक कधी हेलिकॉप्टरने तर कधी पायी परत जाते; बोट मात्र गावातच राहते. लोकसभेचे मतदान गेल्या काही खेपांना एप्रिलमध्ये झाले, म्हणजे मोहफुलांच्या दिवसांत. नखावरची शाई निघण्याआधी तेच बोट टोपली घेऊन पुन्हा जंगलात जाते. (आपल्या समीक्षेत 'शाई' हे लेखनाचे किती गुळगुळीत रूपक होऊन बसले आहे!)

विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी या प्रदेशाच्या मराठी चित्रणातील महत्त्वाचा टप्पा होय. शोषणाने गांजलेला माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा पोचतो, ही तिची दिशा शीर्षकातच आहे. परंतु 'जन्मा'ची कथा म्हटली की घर हे मागे टाकण्याचे ठिकाण ठरते. जो गेला तो नायक होतो. जे राहिले ते पार्श्वभूमी होतात. 'न्यूटन' (२०१७) या हिंदी चित्रपटात दृष्टिकोण मतदान अधिकाऱ्याचा आहे आणि त्याची सचोटी हाच कथाविषय होतो. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकाची वाट वेगळी आहे. ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या गावाचा अनेकवचनी आवाज त्यात ऐकू येतो आणि मतपेटी हेच राजकारणाचे एकमेव रूप नव्हे, हेही कळते. तथापि ग्रामसभेचा 'आम्ही' आणि रात्री दार वाजल्यावर जागे होणारे घर यांत अंतर आहे. ते अंतर कथनाने भरून निघालेले नाही.

वृत्तपत्रीय गद्याचे गणितही पाहण्यासारखे आहे. १ मे २०१९ रोजी, मतदान होऊन गेले होते व निकाल लागावयाचा होता, तेव्हा जांभुळखेडा येथे भूसुरुंगाचा स्फोट झाला. त्याची कारणे निवडणुकीपुरती नव्हती. पण '१५ जवान आणि एक चालक' ही बातमीतली रचना लक्षात राहते. 'आणि'नंतरचा तो सोळावा माणूस खाजगी वाहन चालविणारा होता. व्याकरणदृष्ट्या तो पुरवणीत येतो. त्याच्या घरी बातमीचा क्रम नेमका उलटा लागला असणार.

या घरांच्या मौनाला 'अबोधता' समजण्याची चूक आपण फार काळ केली. जेथे 'खबऱ्या' हा एक शब्द पत्रकावर उमटला की माणसाचा जीव जातो, तेथे न बोलणे हीच एक विचारपूर्वक केलेली उक्ती असते. निवेदकाने ते मौन फोडू नये, त्याचा आकार दाखवावा. हे मराठी कथात्म गद्याला अजून साधलेले नाही, असे माझे मत आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आता आत्मकथने येतील, पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणीही येतील. घरांचे कथन आलेच तर ते पुष्कळदा आधी माडियात असेल. ते मराठीत आणताना 'खबऱ्या' या शब्दासाठी कोणता प्रतिशब्द योजावा, हा पेच अनुवादकापुढे पहिल्याच पानावर उभा राहील.