वॉन फ्रीमन आणि त्याचे रसिक

एखादा वादक दिवंगत झाला म्हणजे त्याच्या चाहत्यांत बहुधा दोन तट पडतात. एक म्हणतो, जे काय होते ते ध्वनिमुद्रिकांत उतरले आहे, त्या ऐका म्हणजे झाले. दुसरा म्हणतो, तबकडीत काय आहे! त्याला समोर बसून ऐकावयास हवे होते. आपल्याकडे भास्करबुवा बखले यांच्यासंबंधी हा वाद संभवतच नाही. बुवा १९२२ साली वारले ते आवाजाची एकही तबकडी मागे न ठेवता, आणि तेव्हापासून तेथे आठवणींचे राज्य निर्वेध चालले आहे. परंतु अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिण भागात ज्याने जवळजवळ सारे आयुष्य टेनर सॅक्सोफोन फुंकण्यात वेचले, त्या वॉन फ्रीमनच्या मागे तबकड्याही आहेत आणि त्याला वर्षानुवर्षे समोर बसून ऐकलेली माणसेही आहेत. या माणसांच्या बोलण्यात एक तिसराच सूर वारंवार उमटतो. तो असा, की हा गृहस्थ वेळीच न्यूयॉर्कला गेला असता तर जगाने त्याला डोक्यावर घेतले असते. शिकागोस चिकटून राहिला आणि वाया गेला. हा तिसरा सूर प्रेमापोटी निघालेला आहे हे आम्ही जाणतो. तथापि तो चुकीचा आहे असे आम्हांस वाटते, आणि तसे का वाटते हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

फ्रीमनचा जन्म शिकागोतच, ३ ऑक्टोबर १९२३ चा. बाप पोलिसात नोकरीला, परंतु संगीताचा मोठा शोकी. लुई आर्मस्ट्राँगसारख्या वादकाशी त्याचा स्नेह होता. घरी ग्रामोफोन होता. सहासात वर्षांच्या वॉनने एके दिवशी त्या यंत्राचा हात उपटून काढला, त्याला भोके पाडली आणि तो तोंडाला लावून फुंकू लागला. पुढे बापाने त्याला खरा सॅक्सोफोन आणून दिला. चाहत्यांच्या आठवणींत ही कथा नेहमी अग्रभागी असते आणि ती सांगताना सारे हसतात. ज्याच्या तबकड्यांविषयी आपण बोलत आहो, त्याचे पहिले वाद्य तबकड्या वाजविण्याचे यंत्र मोडूनच तयार झाले होते, ही त्यातली खरी गंमत.

शाळेत त्याला कॅप्टन वॉल्टर डायेट हा गुरू लाभला. द्यु साब्ल हायस्कूलमधील या कडक शिस्तीच्या मास्तराच्या हाताखालून जीन ॲमन्स आणि जॉनी ग्रिफिन हे नामांकित वादकही गेले. एकाच शाळेच्या बँडमधून एवढी पोरे बाहेर पडावी ही गोष्ट कोणत्याही संगीत विद्यालयाच्या चालकाने मनन करण्याजोगी आहे. महायुद्धात फ्रीमन आरमाराच्या बँडमध्ये होता. परत आल्यावर ड्रमवादक ब्रूझ आणि गिटारवादक जॉर्ज या दोघा भावांसह तो परशिंग हॉटेलच्या नृत्यगृहात वाजवू लागला. बाहेरगावचे मोठे वादक तेथे एकटे येत व या स्थानिक संचाच्या साथीने वाजवीत. १९५० साली चार्ली पार्कर आला तेव्हाही साथीला हीच मंडळी होती.

येथे शिकागोच्या दक्षिण भागाविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण त्यावाचून फ्रीमनचा स्वर समजावयाचा नाही. दक्षिणेतील संस्थानांतून लक्षावधी नीग्रो कुटुंबे (आज या शब्दाला त्यांची मान्यता नाही, म्हणून पुढे आम्ही कृष्णवर्णीय असेच म्हणू) पोटासाठी या शहरात आली आणि वर्णभेदामुळे एका ठराविक पट्ट्यात कोंडली गेली. वादकांच्या संघटनासुद्धा गोऱ्यांची निराळी आणि कृष्णवर्णीयांची निराळी होती. त्या एक झाल्या १९६६ साली. अन्यायाच्या या भिंतीच्या आत एक संपूर्ण जग उभे राहिले: त्याची स्वतःची नाचघरे, स्वतःची मद्यगृहे, स्वतःची वृत्तपत्रे आणि, आमच्या विषयाला जे महत्त्वाचे, स्वतःचे श्रोते. कसाईखान्यात अगर पोलादाच्या कारखान्यात दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री नाचावयासही हवे असे आणि आपल्या गावाकडचे ब्लूजही हवे असत. त्याच माणसाचा कान पार्करच्या नव्या बिकट चालींनाही कंटाळत नसे. अशा श्रोत्यापुढे वाजविणाऱ्याला एकाच शैलीची सोवळी पाळून भागत नाही. फ्रीमनने नाचाला वाजविले, गवयांना साथ केली, ब्लूजवाल्यांच्या ताफ्यात वाजविले, सन राच्या विक्षिप्त संचातही काही काळ वाजविले. त्याच्या स्वरात हे सारे थर एकावर एक बसले आहेत.

आता त्या स्वराविषयी. फ्रीमन बेसूर वाजवितो, असा आक्षेप त्याच्यावर आयुष्यभर घेतला गेला, आणि त्याचे चाहते या आक्षेपाला उत्तर देताना उगीच शरमिंदे होतात. शरमण्याचे कारण नाही. सॅक्सोफोनच्या अंगावर चाव्या असतात खऱ्या, परंतु चावी दाबल्याने स्वराची केवळ जागा ठरते. नेमकी उंची ठरते ती वेताच्या जिभलीवरील ओठांच्या दाबाने आणि श्वासाने. ओठ किंचित सैल केला की स्वर उतरतो, आवळला की चढतो. फ्रीमनने या मोकळीकीचा पुरेपूर उपयोग केला. मागे पियानो आपले ठरीव स्वर देत असतो आणि फ्रीमनचा टेनर त्या स्वरांच्या एक केसभर वर अगर खाली तरंगत असतो. क्वचित तो पियानोच्या स्वरावर येऊन टेकतो, आणि त्या टेकण्याने जे समाधान होते ते आधीच्या तरंगण्याशिवाय झाले नसते. ज्या देशात आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली, कारण तिच्या पट्ट्यांत श्रुती सापडत नाहीत, त्या देशातील रसिकाला तरी हे समजावून सांगण्याचे श्रम पडू नयेत. ब्लूज गाणारी माणसे तिसरा आणि सातवा स्वर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध कोठेतरी घेत आली आहेत. फ्रीमनने ती खोड ब्लूजपुरती न ठेवता सर्वच स्वरांना लाविली, एवढेच.

अर्थात प्रत्येक वेळी ते साधते असे नाही. जलद चालींत तो कधी कधी इतका भराभर बोलतो की स्वर लावण्यापूर्वीच सुटतो, आणि तेव्हा आक्षेपकांच्या हाती कोलीत मिळते. त्याचे खरे सामर्थ्य संथ गतीत आहे. कोलमन हॉकिन्सचा भरदार, छातीतून निघणारा आवाज आणि लेस्टर यंगची हलकी, वळसे घेत बोलण्याची रीत, या दोन परस्परविरोधी परंपरा त्याच्या संथ वादनात एकत्र नांदतात. एका ओळीत तो हुंदका देतो आणि दुसऱ्या ओळीत त्याच हुंदक्याची थट्टा करतो.

माइल्स डेव्हिसने त्याला बोलावले होते आणि हा गेला नाही, अशी गोष्ट त्याचे चाहते सांगतात. ती खरी असो वा नसो, तो गेला नाही ही गोष्ट खरी आहे. स्वतःच्या नावाची पहिली तबकडी निघाली तेव्हा त्याच्या वयाला पन्नाशी येऊन भिडली होती. हे 'डुइंग इट राइट नाऊ' १९७२ चे; अंध वादक रोलंड कर्क याने पुढाकार घेऊन अटलांटिक कंपनीकडून ते करविले. कर्कच्या या कृतीबद्दल रसिकांनी त्याचे ऋणी असावे. तबकडी चांगली आहे; न्यूयॉर्कचे सॅम जोन्स आणि जिमी कॉब साथीला आहेत, आणि भाऊ जॉर्ज व पियानोवादक जॉन यंग यांच्या नावे एकेक रचना आहे. पण रचना आखूड, आणि फ्रीमन पाहुण्याच्या घरी जेवावयास बसल्यासारखा जपून वागतो. हातातील घास तोंडात जाण्यापूर्वीच ताट उचलले जाते.

याच्या शेजारी १९७५ सालचे 'हॅव नो फिअर' आणि त्याच बैठकीतून निघालेले 'सेरेनेड अँड ब्लूज' ठेवून पाहावे. नेसा ही एक लहानशी कंपनी. तिने फ्रीमनला त्याच्याच शहरातील जॉन यंग, डेव्हिड शिप आणि विल्बर कँबेल हे सोबती दिले आणि घड्याळ बाजूला ठेविले. एवढ्यानेच सारे पालटले. 'सेरेनेड अँड ब्लूज'मध्ये मोजक्याच दीर्घ रचना आहेत. प्रत्येकीत तो आधी चाल नुसती चाचपून पाहतो, मग तिच्या भोवती घिरट्या घालतो, आणि ऐकणाऱ्याला वाटावे की आता हा थकला, तेथून पुढे त्याचे बोलणे खरोखर सुरू होते. साथीदारांना त्याच्या चढउतारांची सवय आहे. तो स्वराच्या बाहेर गेला तर ते दचकत नाहीत, परत आला तर मिरवणूक काढीत नाहीत. न्यूयॉर्कला जाऊन हे साधले असते काय? ज्या बाजारात एका वादकाला चार रचनांत आपली ओळख पटवून द्यावी लागते, तेथे हा मनुष्य दुसराच कोणी झाला असता. कदाचित अधिक प्रसिद्ध. पण प्रसिद्ध असे टेनरवादक न्यूयॉर्कमध्ये पुष्कळ होते.

१९८२ साली कोलंबियाने 'फादर्स अँड सन्स' काढले: एका बाजूला एलिस मार्सालिस व त्याचे दोन पुत्र, दुसऱ्या बाजूला वॉन फ्रीमन व त्याचा पुत्र चिको. कल्पना व्यापाऱ्याची आहे आणि ऐकू येते ती कल्पनाच. चिको न्यूयॉर्कला गेला आणि मानाने नांदला. बाप राहिला आणि मानाने नांदला. यात कोणी कोणाची चूक सुधारली असे आम्हांस दिसत नाही.

बाप राहिला तो पंचाहत्तराव्या रस्त्यावरील न्यू अपार्टमेंट लाउंज नावाच्या साध्या मद्यगृहात. तेथे सुमारे तीन दशके दर मंगळवारी त्याची बैठक असे. प्रवेशाला पैसे नसत. आधी तो आपल्या चौकडीसह वाजवी, मध्ये विनोदी भाषणे करी, आणि मग वाद्यांच्या पेट्या घेऊन ताटकळत बसलेल्या पोरांना एकेक करून पुढे बोलावी. त्यांत धीट असत, घाबरट असत, आणि ज्यांनी तो दिवस घरीच बसून रियाज करावयास हवा होता असेही असत. तो कोणास हाकलीत नसे. पुढे नाव काढलेला स्टीव्ह कोलमन हा तरुणपणी त्याला ऐकून आणि त्याच्याजवळ वाजवूनच तयार झालेला. आमच्याकडे गुरू घरी राहावयास बोलावितो. येथे गुरूने चव्हाट्यावर दुकान मांडले आणि माल फुकट वाटला. चाहते त्याला लाडाने 'वॉन्स्की' म्हणत. शहराने त्या रस्त्याला त्याचे नाव दिले, आणि २०१२ साली राष्ट्रीय कला निधीने त्याला जॅझचा सर्वोच्च मान दिला तेव्हा त्याचे थोडेच महिने उरले होते.

मंगळवारची ती बैठक ज्यांनी ऐकली त्यांच्याशी वाद घालण्याची आमची प्राज्ञा नाही. परंतु तबकड्या म्हणजे नुसती सावली, हे त्यांचे म्हणणे मात्र मान्य करवत नाही. २००२ च्या 'दि इम्प्रोव्हायझर' या तबकडीवर 'इफ आय शुड लूज यू' ही चाल तो एकटाच वाजवितो. साथीला कोणी नाही, म्हणून ज्याच्याशी न जुळल्याचा ठपका त्याच्यावर येत असे तो पियानोही नाही. पंचाहत्तरी उलटलेल्या वादकाचा दम मधून मधून तुटतो आणि तो तुटलेला दम तसाच चालीत घेतला जातो. ज्या वाचकांस फ्रीमन मुळीच ठाऊक नाही त्यांनी मात्र येथून आरंभ करू नये. त्यांनी 'सेरेनेड अँड ब्लूज' मिळवावे, पहिली रचना कान बसण्यासाठी म्हणून सोडून द्यावी आणि दुसरीपासून लक्ष देऊन ऐकावे.