एकच दार, दोन कविता

न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशी एमा लॅझरस यांच्या ‘द न्यू कोलोसस’ या सुनीताचे नाव कायमचे जोडले गेले आहे. पुतळ्याच्या चौथऱ्याला निधी मिळावा म्हणून ते १८८३ साली लिहिले गेले आणि १९०३ मध्ये तेथे फलकावर कोरले गेले. थॉमस बेली ऑल्ड्रिच यांची ‘अनगार्डेड गेट्स’ (१८९२) ही कविता मात्र आज फारशी वाचली जात नाही. देशांतर करून येणाऱ्यांविषयी अमेरिकेत झालेला वाद समजून घ्यायचा, तर या दोन्ही कविता शेजारी ठेवून वाचाव्यात.

दोघांच्याही डोळ्यांपुढे दाराशी उभी असलेली स्वातंत्र्यदेवता आहे. लॅझरस यांची देवता दिवा उंचावून निराधारांना बोलावते. ऑल्ड्रिच यांना उघडे दार पाहून गॉथ आणि व्हँडल टोळ्यांनी तुडवलेले रोम आठवते. त्यांच्या कवितेत भीती आहे, माणसे नाहीत. लॅझरस यांचे सुनीत निःसंशय थोर. तरी तेही येणाऱ्यांचे दैन्यच पाहते. त्यांचे कसब, त्यांची भाषा, त्यांची प्रार्थना त्यात नाही. त्यांना टाकाऊ ठरवणारा शब्द जुन्या जगाचा आहे हे मान्य केले, तरी तो खुपतो. करुणाही कधी कधी उंचावरून पाहते.

आपण कॅथलिक वाचकांनी या वादाकडे त्रयस्थपणे पाहू नये. १८३४ मध्ये बॉस्टनजवळ चार्ल्सटाउन येथील धर्मभगिनींचा मठ जमावाने जाळला. तारायंत्राचे एक जनक सॅम्युअल मोर्स यांनी १८३५ च्या पुस्तकात कॅथलिकांचे आगमन हा परकीय कट ठरवला. पुढे १९२४ च्या कायद्याने इटली, पोलंड अशा देशांतून येणाऱ्यांची संख्या अगदी कमी केली. ऑल्ड्रिच यांची भीती अशी कायद्यात उतरली.

पण गोष्ट येथे संपत नाही. १८७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी मजुरांना हाकलण्याची चळवळ उभारणारा डेनिस कर्नी हा स्वतः आयर्लंडहून आलेला होता. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. लॅझरस यांचे सुनीत त्याच्या पुढच्याच वर्षीचे. त्यात या बंद दाराचा उल्लेख नाही.

सोसलेला अन्याय माणसाला आपोआप न्यायी करीत नाही. मागाहून येणाऱ्याच्या चेहऱ्यात आपलाच जुना चेहरा ओळखावा लागतो. ही ओळख दोन्ही कवितांत नाही. ती वाचकाने आपल्या मनातून आणायची आहे.