जोर, दम आणि झोळी : श्रोणितल-व्यायामाच्या मराठी सूचना

धावताना वा उडी घेताना लघवी न आवरणे हा विकार केवळ बाळंतपणानंतरचा आहे, अशी समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मूल न झालेल्या १४४ विद्यापीठीय खेळाडू युवतींपैकी २८ टक्के जणींना खेळताना हा त्रास झाल्याचे आढळले. श्रोणितलाच्या स्नायूंचा व्यायाम हा यावरील मान्य उपाय असून, तो घरबसल्या शिकविणारी मोबाइल-ॲप आता उपलब्ध आहेत.

अशा ॲपमध्ये शिकविणाऱ्याचा हात नसतो. शब्द हाच शिक्षक असतो. आर्नल्ड केगेल याने १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला तेव्हा आकुंचनाचा दाब दाखविणारे यंत्रही सोबत दिले होते. निव्वळ शब्दांवर विसंबल्यास काय होते, हे १९९१ च्या एका अभ्यासावरून कळते. थोडक्यात तोंडी सूचना दिलेल्या ४७ स्त्रियांपैकी २३ जणींनाच व्यायाम उत्तम साधला. १२ जणींची पद्धत तर विकार वाढविण्याचा संभव असलेली होती. उलटपक्षी, स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाच्या ‘टेट’ या ॲपची १२३ स्त्रियांवर घेतलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, आणि तीत ॲप वापरणाऱ्यांना निश्चित गुण आला. म्हणजे शब्दाने कार्य होते. मात्र त्या स्त्रियांना स्वीडिश शब्द स्वीडिशमध्येच मिळाले होते, हे विसरता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कबड्डीपटू मुलीपुढे हीच सूचना मराठीत ठेवावयाची झाल्यास पहिली अडचण क्रियापदाची. ‘जोर लावा’ हा प्रयोग सहज सुचणारा, पण येथे तो घातक आहे. आखाड्यातील जोर-बैठका सोडल्या, तर स्त्रियांच्या बोलण्यात ‘जोर करणे’ हे बाळंतिणीचे क्रियापद होय. त्याची दिशा खाली आहे. व्यायामास हवी ती वरची दिशा. ‘पोट आत घ्या’ म्हटल्यास भलताच स्नायू कामास लागतो. ‘आवळा’ हे निम्मेच खरे, कारण त्यात आकुंचन आहे, उचलणे नाही. ‘वायू अडवावा तसे आवळून आत-वर उचला’ ही सूचना ग्राम्य वाटेल. परंतु ग्राम्यतेच्या धास्तीने अचूकता सोडणे हा सोवळेपणा वैद्यकास परवडणारा नाही.

दुसरी अडचण ‘दम’ या शब्दाची. कबड्डीत चढाई करणारी खेळाडू एका दमात घोष चालू ठेवते. दम धरणे हे तिच्या अंगवळणी पडलेले असते. व्यायाम करताना श्वास रोखू नये, हे शिक्षण तिला सवयीविरुद्ध द्यावे लागेल. ‘दम न धरता’ असे स्पष्ट लिहिल्याखेरीज ते साधणार नाही.

नामाचा प्रश्न अधिक खोल आहे. ‘अंग बाहेर येणे’ हा गर्भाशय खाली सरकण्याच्या विकारास मराठीत सर्वतोमुखी असलेला वाक्प्रचार. पण जो आधार ढिला पडल्याने अंग बाहेर येते, त्या स्नायूंस बोलीत नाव नाही. बिघाडास नाव आहे, अवयवास नाही! परिभाषेने दिलेला ‘श्रोणितल’ शब्द निर्दोष आहे, परंतु ‘तल’ म्हटले की अचल जमीन डोळ्यांपुढे येते. हठयोगातील ‘मूलबंध’ क्रियेच्या जवळचा, पण तो साधकांचा शब्द. जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत ताणलेली झोळी, हे वर्णन अधिक बोलके ठरेल. माकडहाड प्रत्येकीस ठाऊक असते, आणि झोळीत ओझे पेलण्याची कल्पना आपोआप येते. झोळी लोंबते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तिच्याबरोबर ‘उचलणे’ हेच क्रियापद योजावे लागेल.

एवढ्यानेही यवतमाळचा प्रश्न सुटत नाही. या जिल्ह्यात वऱ्हाडीबरोबर गोरमाटी, गोंडी आणि कोलामी या भाषाही घरांतून बोलल्या जातात. कोलामी तर द्राविडी कुळातील. त्या घरातील मुलीस ‘श्रोणितल’ दोनदा परका आहे, एकदा संस्कृत म्हणून आणि एकदा मराठी म्हणून. तिच्यासाठी सूचनेचा शब्द कोशातून काढता येणार नाही. तो तिच्या आईच्या वा सुईणीच्या तोंडून ऐकूनच टिपावा लागेल.