भग्न विमानांची ओळख : एक आक्षेप

जुन्या लष्करी विमानांचा अभ्यासक विमानाची ओळख क्रमांकावरून ठरवितो. त्यांचे संग्राहक मात्र ती पुष्कळदा रंगावर सोपवितात. ही विसंगती कानपूरच्या लिबरेटर विमानांच्या बाबतीत विशेष जाणवते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश वायुदलाने लेंड-लीज करारान्वये मिळालेली ही अमेरिकन बाँबफेकी विमाने कानपूर येथे हेतुपुरस्सर निकामी करून टाकून दिली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतून चाळिसांच्या घरात विमाने पुन्हा उड्डाणक्षम केली. १९४८ पासून १९६८ पर्यंत ती भारतीय वायुदलात होती. आज जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी अनेक याच भंगारातून वाचलेली आहेत.

त्यांपैकी एकाची नोंद अशी : मूळ अमेरिकन क्रमांक ४४-४४०५२, ब्रिटिशांकडे केएच १९१, भारतात एचई ७७१. १९८९ मध्ये अमेरिकेत ते पुन्हा उडाले, ते ‘ऑल अमेरिकन’ या नावाने. पुढे ते ‘विचक्राफ्ट’ झाले. ही दोन्ही नावे मुळात दुसऱ्याच विमानांची होत. उलट, केएन ७५१ या विमानास ब्रिटनच्या वायुदल संग्रहालयाने त्याच्याच ९९ व्या स्क्वाड्रनचा वेष दिला. तो अपुरा असेल, खोटा नाही.

युद्धात कामी आलेल्या वैमानिकांच्या स्मरणार्थ परका रंग दिला जातो, हे समर्थन सहृदय आहे. परंतु ज्या हातांनी विमान जगविले, त्यांची खूण त्यायोगे पुसली जाते. भारतातील सेवा हे या विमानाचे उपकथानक नव्हे. ते टिकून राहण्याचे कारणच ती आहे. रंगास स्मारक म्हणावे; पुरावा म्हणू नये.