आधारचा वाद आणि रेशनचे दुकान

आधारच्या चर्चेत मराठी वृत्तपत्रांनी ‘प्रायव्हसी’साठी बहुधा ‘गोपनीयता’ हा शब्द वापरला. तो आपल्या ओळखीचा आहे मंत्र्यांच्या शपथविधीमुळे. तिथे गोष्ट सरकारची असते आणि ती लोकांपासून राखायची असते. तोच शब्द नागरिकाच्या हक्काला चिकटवला की ‘तुमच्यापाशी लपवण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न आपसूक येतो, आणि तो वर्षानुवर्षे विचारला गेला. ‘खासगीपणा’ म्हटले असते, तर माझे ठसे कशासाठी हवेत, हे सरकारला सांगावे लागले असते.

न्या. पुट्टस्वामी यांची याचिका २०१२ची. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले २४ ऑगस्ट २०१७ रोजी. मधल्या काळात, २०१६ मध्ये, आधारचा कायदा अर्थविधेयक म्हणून संमत झाला आणि राज्यसभेच्या दुरुस्त्या लोकसभेला बंधनकारक राहिल्या नाहीत.

२६ सप्टेंबर २०१८चा निकाल चार विरुद्ध एक असा लागला. बँक खाते आणि मोबाइलची सक्ती गेली. पॅनची राहिली. कलम ७ही राहिले, म्हणजे सरकारी अनुदान आणि लाभांसाठी आधार मागता येईल. मध्यमवर्गाच्या डोक्यावरचे मुख्य ओझे उतरले आणि वर्तमानपत्रांतली चर्चाही बरीचशी तिथेच आटोपली. माझा आक्षेप इथे आहे.

बहुमताने खासगीपणा एका पारड्यात आणि गरिबाचा अन्नाचा हक्क दुसऱ्यात घातला. जणू रेशन घेणाऱ्याला दोन्ही हक्क एकदम असूच शकत नाहीत! ठसे ९९.७६ टक्के वेळा जुळतात, हा प्राधिकरणाचा दावा. उरलेल्यांसाठी योजना मोडीत काढता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. दावा खरा धरू. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याचे लाभार्थी सात कोटींच्या घरात आहेत. त्यांना हेच प्रमाण लावले, तर एक लाख अडुसष्ट हजार माणसे होतात. शिवाय ठसा कितव्या खेपेला जुळला, हे तो आकडा सांगत नाही. संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवणारे न्या. चंद्रचूड एकटे पडले.

विरोधकांनाही मी मोकळे सोडणार नाही. ज्याँ द्रेझ, रितिका खेरा यांनी झारखंडातल्या रेशनचे हाल तपशिलाने मांडले. पण शहरी चर्चा पाळत आणि माहितीची चोरी यांतच रमली. ती भीती खोटी नव्हती. मात्र ऊसतोड करून बोटे झिजलेल्या बाईला तिच्यात जागा नव्हती.

देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, पंतप्रधानांच्या उपस्थितीत. बँक आणि मोबाइलची सक्ती उठल्यावरही अशा गावांत धान्याआधी यंत्रावर अंगठा ठेवावाच लागतो. तो उठला नाही, तर दुकानदार म्हणतो, उद्या या. त्या उद्याची मजुरी बुडते.