दऱ्या, दर्या आणि कशेडीची पाटी

पोलादपूर मागे पडले की मुंबई-गोवा महामार्ग चढाला लागतो आणि कशेडी घाट सुरू होतो. आता तिथे जुळे बोगदे झाले आहेत. 2023 च्या गणपतीत त्यातला एक हलक्या वाहनांसाठी उघडला आणि घाटातली वळणे पुष्कळांना टाळता येऊ लागली. पाट्या मात्र टळल्या नाहीत. बोगदा कुठून, जुना रस्ता कुठून, खेड किती राहिले, महाडला कुठे वळायचे, हे सगळे धावत्या गाडीतल्या माणसाला पाटीनेच सांगायचे असते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 16 मीटरांहून अधिक अंतर कापते. एक नाव ओळखायला दोन सेकंद जास्त लागले तर 33 मीटर रस्ता न वाचताच निघून जातो. त्यात आषाढ-श्रावणातले धुके, काचेवरचे पाणी आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत.

मराठीतल्या अक्षरविचाराची पारख करायची तर ती प्रदर्शनाच्या दालनापेक्षा इथे करावी असे मला वाटते. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत आपण अक्षर कसे घडते याचा कसून अभ्यास केला. अक्षर कसे वाचले जाते, आणि तेही पानाबाहेर, रस्त्यावर, रात्री, थकलेल्या डोळ्यांनी, या प्रश्नाकडे त्यामानाने फारच थोडे लोक वळले.

कमाई मोठी आहे, ती आधी सांगितली पाहिजे. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्याकडच्या राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी देवनागरीचे मुंबई वळण घराघरांत नेले. अ, झ, ण, ल, श ही अक्षरे मुंबईत एक रूप घेत आणि कलकत्त्याला दुसरे. आपल्या आजोबा-पणजोबांची पोथी आणि पंचांग मुंबई वळणातले. तेव्हा संशोधन हा शब्द कुणी वापरत नव्हते, पण कोणता जोड कुठे तुटतो, कोणती मात्रा शाईने भरते, हे त्या कारागिरांनी कोरून, छापून, पुन्हा कोरून शोधले होते.

लेखी अभ्यास आला तो पुढे, 1960 नंतर.  ग्रंथ म्हणून डोंगराएवढे काम बापूराव नाईकांचे. शासकीय मुद्रणालयांचा कारभार सांभाळलेल्या या माणसाने देवनागरी मुद्राक्षरांचा तीन खंडांचा इतिहास लिहिला आणि राज्याच्या भाषा संचालनालयाने तो 1971 मध्ये प्रसिद्ध केला. खिळ्यांचे नमुने, यंत्रांच्या अडचणी, लिपीसुधारणेचे वाद, सगळे त्यात आहे. मात्र तो ग्रंथ इंग्रजीत आहे. नंतर त्यांनी भारतीय ग्रंथमुद्रणावर मराठीतून लिहिले, तरी देवनागरी अक्षराचा सर्वांत मोठा अभ्यास महाडच्या खिळेजुळाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत झाला नाही, ही चुटपुट राहतेच. पुढेही हेच चालू राहिले. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात गिरीश दळवी यांनी देवनागरी अक्षराच्या अवयवांची नव्याने मांडणी केली. आधीच्या अभ्यासकांनी दिलेली नावे तपासली, कुठे गोंधळ आहे ते दाखवले. फार नेटके काम. तेही इंग्रजीतच.

खरे तर अवयवांची नावे आपल्याकडे आधीपासून होती. शिरोरेषा, काना, वेलांटी, उकार, रफार, गाठ, पाकळी, देठ. पाय मोडणे. पोटफोड्या ष, शेंडीफोड्या श. पहिलीच्या बाईंनी फळ्यासमोर उभे राहून वापरलेली ही परिभाषा इतकी नेमकी आहे की कोणत्याही प्रबंधाने ती बिनदिक्कत उचलावी.

मग र. कृ. जोशी (1936–2008). जाहिरातसंस्थेत काम केलेला, लघुअनियतकालिकांच्या काळात अक्षरांचीच कविता करणारा, आयआयटीत शिकवणारा हा माणूस नसता तर संगणकावरचे मराठी कसे दिसले असते याची कल्पना करवत नाही. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचा. पडद्यावर ठिपके कमी, अक्षरे मिश्र, जोडाक्षरे शेकडो, अशा अडचणीत मंगलने सरकारी कार्यालयापासून सायबर कॅफेपर्यंत सगळ्यांना वाचता येईल असे मराठी दिले. आज कुणी तो ओबडधोबड म्हणते तेव्हा मला वाईट वाटते. जो फाँट छोट्या पडद्यासाठी घडवला तो आपण लग्नपत्रिकेवर, कोनशिलेवर आणि रस्त्याच्या पाटीवर चढवला. यात घडवणाऱ्याचा दोष नाही. कामानुसार अक्षर निवडायचे असते हेच आपण शिकलो नाही.

त्यानंतरची पिढी दमदार निघाली. ‘एक टाइप’च्या मंडळींनी मुंबईत बसून ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ असे फाँट केले आणि ते कुणालाही फुकट वापरता येतील असे खुले ठेवले. एका मराठी विद्यार्थ्याला पैसे न मोजता चांगले अक्षर मिळावे, ही गोष्ट खिळ्यांच्या काळात अशक्य होती. मुक्ता मला विशेष आवडतो: अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी ठेवलेली, मात्रा चेपलेल्या नाहीत.

सुलेखनाबद्दल लिहिताना माझे मन दोन बाजूंनी ओढले जाते. कमल शेडगे (1935–2020) यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’सारख्या नाटकांची नावे अशी रेखली की वर्तमानपत्राच्या अर्ध्या रकान्यातही नाटकाचा स्वभाव कळावा. अच्युत पालवांनी मोडीची गती देवनागरीत आणली. त्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तो मान लिपीचाही होता. पण या दिमाखाचा एक परिणाम झाला. मराठी माणसाच्या मनात अक्षरविचार म्हणजे सुंदर अक्षर एवढेच समीकरण बसले. आपण प्रात्यक्षिकाला गर्दी करतो, कुंचल्याच्या फटकाऱ्याला टाळ्या देतो, आणि परतताना एसटीच्या दिव्यांच्या पाटीवर अर्धी वेलांटी गायब झालेले गावाचे नाव वाचून काहीही न वाटता आत चढतो.

ती पत्र्याची जुनी पाटी आठवा. शेवटचे गाव मोठ्या अक्षरात, ‘मार्गे’ बारीक, रंग उठून दिसणारे, आणि उकारासाठी खाली पुरेशी जागा सोडलेली. रंगवणारा पेंटर आधी खडूची दोरी मारून शिरोरेषा ठरवी, मग वरच्या मात्रेला आणि खालच्या उकाराला किती जागा द्यायची ते डोळ्याने मोजी. ‘पोलादपूर’ला वर काना-मात्रा आणि खाली दीर्घ ऊकार, म्हणून त्याची पट्टी उंच. ‘महाड’ला वर-खाली काहीच नाही, म्हणून तेच अक्षर मोठे करता येते. दिव्यांच्या पाटीला हा विवेक नाही. मोजक्या ओळींच्या ठिपक्यांत तीन मजली लिपी बसवायची, तर काहीतरी कापले जाते, आणि कापली जाते ती मात्राच. पेंटरांचे हे ज्ञान कोणत्या संशोधनात नोंदले गेले? छायाचित्रांची सुंदर पुस्तके निघतात. मापे, प्रमाणे, कारणे लिहून घेतली जात नाहीत. आणि ते हात आता फ्लेक्सच्या दुकानांनी रिकामे केले आहेत.

कशेडीच्या पाटीकडे परत येतो. महामार्गाच्या हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात देवनागरी आणि रोमन अशा दोन ओळी असतात. दोन्ही ओळींना सारखीच उंची दिली की काम समान झाले असे वाटते. तसे ते होत नाही. रोमन मोठ्या लिपीतले नाव ती सगळी उंची भरून उभे राहते. ‘कशेडी’ त्याच उंचीत लिहायचे तर वरचा भाग मात्रेला आणि वेलांटीला जातो आणि मूळ अक्षरे उरलेल्या जागेत आक्रसतात. म्हणजे मराठी वाचणाऱ्याला तीच पाटी अधिक जवळ जाऊन वाचावी लागते. शिवाय पाटीचा पत्रा प्रकाश उलटा फेकणारा असतो. झोत पडला की पांढरी रेघ आहे त्याहून जाड दिसते. रोमन अक्षरांत पोकळ्या मोठ्या, म्हणून ती तगतात. आपल्या घ, ध, भ, म, ष यांचे वेगळेपण एका बारीक गाठीत किंवा फटीत असते. ती फट उजेडाने भरली की ‘घाट’चा ‘धाट’ होतो. ख चे तर लिपीसुधारकांनाही कोडे होते: पाय जोडला नाही तर ‘खेड’ लांबून ‘रवेड’ दिसते. ड खाली हिंदीतले टिंब आले की ‘महाड़’ होते. मराठी कानाला ते गाव कुठले तरी दुसरेच वाटते.

हा प्रश्न इतरांनी गांभीर्याने हाताळला आहे. ब्रिटनमध्ये जॉक किनीअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून रस्त्यांसाठी नवे अक्षर घडवले, आणि घडवताना ते उघड्या मैदानात, चालत्या गाडीवर लावून लोकांकडून वाचून घेतले. अमेरिकेत पाट्यांसाठीच्या ‘क्लिअरव्ह्यू’ अक्षराला 2004 मध्ये मान्यता मिळाली, 2016 मध्ये ती काढून घेण्यात आली, मग पुन्हा दिली गेली. अक्षराच्या एका पोकळीवरून तिथे वर्षानुवर्षे वाद झडला. देवनागरीच्या वाचनावर मानसशास्त्रज्ञांनी काम केले आहे. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये हिंदी वाचकांबाबत दाखवले की आधी लिहिली जाणारी पण नंतर उच्चारली जाणारी ऱ्हस्व वेलांटी वाचनाचा वेग मंदावते. ते निष्कर्ष घेऊन कुणी पाटीपर्यंत यायला हवे होते.

आपली धोरणे मात्र आकारांवर थांबतात. 2009 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये राज्य सरकारने मराठी वर्णमालेबद्दल शासननिर्णय काढले. पाकळीचा ल आणि देठाचा श यांची बरीच चर्चा झाली. मुंबई वळण टिकावे असे मलाही मनापासून वाटते. पण त्या चर्चेत कोणता श 100 मीटरांवरून आधी ओळखू येतो, असे कुणी विचारले नाही. ‘कशेडी’त तर मधोमध श च आहे.

आणि मग तो आपला खास मराठी र, डोळ्याच्या पापणीसारखा. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’. एक डोंगरातल्या, दुसरा म्हणजे समुद्र. कोकणात दोन्ही आहेत, कशेडीच्या माथ्यावर पहिल्या आणि उताराच्या पलीकडे काही तासांवर दुसरा. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या अनेक व्यवस्थांत तो उपेक्षित राहिला. फ्लेक्सच्या दुकानात जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की पहिल्यांदा हाच र मोडतो.

हे सगळे केवळ सौंदर्याचे प्रश्न असते तर इतक्या तळमळीने लिहिले नसते. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळ्यालाही माणसे गेली. त्या डोंगराला पाटीने थोपवता आले नसते, हे मला कळते. पण अशा मुलखात ‘दरडप्रवण क्षेत्र’ ही अक्षरे ठोकली की इशारा दिला असे मानणे मला खटकते. ‘प्रवण’ हा शब्द वाडीतल्या कुणाच्या तोंडी आहे? तीन जोडाक्षरे, एक परका शब्द, आणि पुढे काय करायचे याचा पत्ता नाही. ‘इथे दरड कोसळते, थांबू नका’ हे लांबीला फार मोठे नाही. दृश्यसंवादाचा अभ्यास शब्दापासून सुरू होतो आणि भाषेचा अभ्यास अक्षरापर्यंत जातो. आपल्या विद्यापीठांत मात्र मराठी विभाग एका इमारतीत आणि उपयोजित कला दुसऱ्या गावात.

काय करता येईल ते अवघड नाही. घाटाच्या पोलादपूरकडच्या पायथ्याशी, वाहतुकीला अडथळा न होता, एकाच मापाच्या चार पाट्या उभ्या कराव्यात. एकीवर आजचे अक्षर, दुसरीवर मात्रेला जागा देऊन मोठे केलेले, तिसरीवर पोकळ्या उघडलेले, चौथीवर महाडच्या एखाद्या जुन्या पेंटरने हाताने रेखलेले. जुलैतल्या चार रात्री एसटीचे चालक, भाजीचे टेम्पोवाले, चष्मा लागलेले शिक्षक आणि नुकती अक्षरओळख झालेल्या बाया यांना गाडीत बसवून न्यावे, आणि ‘खेड’ मधला ख कुणाला किती मीटरांवरून एकच अक्षर म्हणून दिसला, ते वहीत लिहावे. मराठीत.